वहिनीचे कान ठणठणीत होते

माझ्या वहिनीच्या कानांना आजवर काहीही झालेलं नाही. आतल्या खोलीत मी हळूच डब्याचं झाकण उघडलं तरी तिला बाहेर ऐकू जातं आणि "विनू, चिवडा जेवल्यावर" असा आवाज येतो. तरी नोएडातल्या एका चकचकीत हॉस्पिटलच्या फायलीत लिहिलेलं आहे, की सोळा फेब्रुवारीला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अलकनंदा देवस्थळी, वय अठ्ठावन्न, यांनी ऐकू येत नसल्याची तक्रार केली. साडेपाचला कानाचा डॉक्टर आला. त्यानं दोन्ही कानांत दिवा घालून पाहिलं आणि कान नॉर्मल आहेत असं लिहून सही केली. त्या वेळी तिचे पाय जात होते. सकाळीच पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेल्या बाईचे पाय जात होते आणि ही शिकलेली माणसं तिच्या कानात डोकावत होती. जरा शांतपणे सांगत जा, असं माझा भाऊ म्हणतो. मला नाही जमत.

अलकनंदा ही या भावाची, अशोकची बायको. मूळची सांगलीची. लग्न होऊन दिल्लीला आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि आम्ही सगळे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोनच वर्षांत तिला केंद्र सरकारात नोकरी लागली आणि पुढची तीसेक वर्षं ती एका मंत्रालयाच्या तक्रार विभागात होती. लोकांच्या तक्रारी यायच्या, ही त्यांना नंबर द्यायची, पुढे पाठवायची, उत्तर आलं नाही तर आठवणपत्रं काढायची. ती सवय घरीसुद्धा. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पान नंबर पडायचा. गॅसच्या पावत्यासुद्धा सुटल्या नाहीत. आम्ही हसायचो, तिला फरक पडायचा नाही.

आणि तिचं चालणं. करोल बागेत साड्या घ्यायला गेलो की ही पुढे, दोन्ही हातांत पिशव्या, आणि मी मागून "अगं थांब की" करत. तिच्यापेक्षा मी चार वर्षांनी लहान, पण धाप मलाच लागायची. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर ती कधी नुसती उभी राहिली नाही, त्यावरूनही चालत जायची.

हिंदी तिचं फर्डं होतं, पण पोटात मराठीच. नवी असताना ऑफिसातले साहेब एकदा म्हणाले, "मैं पूरी चेष्टा करूँगा." ही घरी येऊन रडली. काम करायचं नसेल तर करू नका म्हणावं, वर चेष्टा कशाला? हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे अशोकनं तिला समजावलं. पुढे हा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची.

मग पाठ दुखायला लागली, पाय जड पडायला लागले. तपासण्या झाल्या. पाठीच्या मध्यावर मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जूला टेकली आहे, छोटं ऑपरेशन आहे, चौथ्या दिवशी घरी, असं सर्जननी सांगितलं. ॲडमिट व्हायला गेलो तेव्हा दारातल्या माणसानं व्हीलचेअर पुढे केली. वहिनी त्याला म्हणाली, "भैया, अभी तो चल लेती हूँ." आणि खांद्याला पर्स लावून लिफ्टपर्यंत चालत गेली. तिचं शेवटचं चालणं ते. एका हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर.

ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी एकला तिला खोलीत आणलं. अशोक ऑफिसला गेला होता, तो सातला येणार होता. एक ते चार मी तिच्यापाशी होते. चारला दुपारची भेटीची वेळ संपायची. चाराला पाच कमी असताना तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "विनू, पाय बधिर झालेत गं."

मी ऐकलं. मराठीत ऐकलं आणि मला मराठीत कळलं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "भूल आहे, उतरेल. झोप." मग मी खाली उतरले, चहा घेतला आणि घरी गेले. मी शाळेत भूगोल शिकवते, आठवीच्या वह्या तपासायच्या होत्या. निघताना मी तिच्या पायाला हात लावला नाही. नर्सला काही सांगितलं नाही. आणि हे नंतरही मी कुणाला सांगितलं नाही. अशोकला नाही, वहिनीला तर नाहीच.

अशोक सातला हॉस्पिटलात पोचला तेव्हा ती वेदनाशामकाच्या इंजेक्शननं गाढ झोपलेली. सकाळी सहाला व्यायामवाला आला आणि म्हणाला, पाय उचला. पाय उचलले गेले नाहीत. मग मात्र धावपळ झाली. ऑपरेशनच्या जागी रक्त साचून त्याची गाठ मज्जारज्जूवर दाबत होती. साडेआठला पुन्हा टेबलावर घेतलं, गाठ काढली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन यशस्वी झालं. कमरेखाली काही उरलं नाही, लघवीचं भान उरलं नाही, आणि ऑपरेशन यशस्वी.

घरी आणताना जो कागद दिला त्यावर एक ओळ होती: रुग्ण रात्रभर स्थिर, कोणतीही तक्रार नाही. ही ओळ वहिनीनं शंभरदा वाचली असेल. इंजेक्शनांमुळे त्या दुपारचं तिला काहीच आठवत नव्हतं. रोज कधीतरी ती मला विचारायची, "मी सांगितलं असेल ना गं? की नाहीच सांगितलं? लोकांच्या तक्रारी आयुष्यभर चालवल्या आणि स्वतःची एक करता आली नाही मला." मी चिडायचे. तुझी काही चूक नाही, त्यांची आहे, त्या लोकांना मी सोडणार नाही, असं आवाज चढवून सांगायचे. ती तो कागद पुन्हा उघडायची. ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिले दोन वकील भेटले ते नुसते हात झटकणारे. डॉक्टरांविरुद्ध काही निघत नाही मॅडम, वर्षानुवर्षं चालतं. मग शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि बाईमाणसाला तिथून फुकट वकील मिळतो, मग ती कुणी का असेना. आम्ही अर्ज केला. आमच्या वाट्याला आली शिवांगी. तिशीची, दिल्लीतच जन्मलेली मराठी मुलगी. मराठी तिचं पातळ. "तिन्हीसांजेला येते" म्हटलं तर विचारायची, "मावशी, म्हणजे किती वाजता?" पण कामाला पक्की. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, आधी हॉस्पिटलकडून सगळी फाइल मागा, सारांश नको, नर्सच्या नोंदींसकट पूर्ण फाइल. दुसरं, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे. तिसरं, हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या डॉक्टरचं लेखी मत हवं.

रुग्णानं मागितली तर फाइल द्यावीच लागते. पण देतंय कोण? रेकॉर्डवाले साहेब सुट्टीवर, मग सिस्टिम बंद, मग फॉर्म बदलला. पाचव्या फेरीला माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी रिसेप्शनच्या काउंटरवर आठवीच्या चाळीस वह्यांचा गठ्ठा ठेवला, खुर्ची ओढली आणि लाल पेन काढलं. तिथल्या मुलीनं विचारलं, "मैडम, ये क्या कर रही हैं?" मी म्हटलं, "कॉपियाँ जाँच रही हूँ. फाइल मिलने तक यहीं जाँचूँगी." दुपारी तीनला तीनशे बारा पानं हातात पडली.

एका निवृत्त न्यूरोसर्जननी ती वाचली आणि लिहून दिलं, की असं रक्त साचलं तर आधी पाय बधिर होतात, मग हलेनासे होतात, आणि पहिल्या काही तासांत गाठ काढली तर पाय वाचण्याची चांगली शक्यता असते. प्रश्न एवढाच उरला, की सुरुवात कधी झाली. हॉस्पिटल म्हणणार सकाळी सहाला, अचानक. तसं असेल तर त्यांनी अडीच तासांत ऑपरेशन केलं, त्यांचं काही चुकलंच नाही.

मग एका रविवारी शिवांगी घरी आली. फाइल उलटत असताना तिनं सहज विचारलं, "मावशी, काकूंना कानाचा प्रॉब्लेम आहे का?"

"तिला? काही नाही. का?"

"इथे कानाच्या डॉक्टरला बोलावलंय. पेशंट म्हणतेय मी बधिर झाले, असं नर्सनं लिहिलंय, शब्दही तोच. चार दहाला."

वहिनी खुर्चीतून म्हणाली, "कानात दिवा? ते मला स्वप्न पडलं असं वाटलं होतं."

मी शिवांगीला विचारलं, बधिर म्हणजे काय? ती म्हणाली, "डेफ. मूकबधिर असतं ना, ते." तिला तेवढाच अर्थ माहीत होता. मी तिला सांगितलं, अगं बाई, मराठीत पाय बधिर होतो, हात बधिर होतो, दात काढताना हिरडी बधिर करतात. संवेदना जाते ती बधिर. हिंदीत तो अर्थ नाही, हिंदीत बधिर म्हणजे फक्त बहिरा. वहिनी अर्धवट गुंगीत नर्सला म्हणाली असणार, "सिस्टर, बधिर हो गया है." आणि नर्सनं कानाचा डॉक्टर बोलावला. शिवांगीनं फाइल खाली ठेवली. वहिनी किती दिवसांनी नीट हसली. "म्हणजे मी सांगितलं होतं," ती म्हणाली. मी म्हणाले, "सांगितलं होतंस." आणि पुढचं गिळलं.

आम्ही नर्सची ती नोंद जोडून तक्रार दाखल केली. आता सुटतात कुठे, असं मला वाटत होतं. चार महिन्यांनी हॉस्पिटलचं उत्तर आलं. त्यांच्या वकिलानं तीच नोंद त्यांच्या बाजूनं वळवली होती. रुग्णानं ऐकू येत नसल्याचं सांगितलं, आम्ही ऐंशी मिनिटांत तज्ज्ञ बोलावला, एवढी तत्परता कोण दाखवतं? पायांबद्दल रुग्ण कधीच बोलली नाही. मराठी अर्थाची गोष्ट नंतर रचलेली आहे. आणि क्षणभर ती खरी धरली, तरी चुकीचा शब्द वापरण्याची जबाबदारी रुग्णाची.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चुकीचा शब्द? पाठीचा कणा उघडलेल्या बाईच्या अंगठ्याला टाचणी टोचून बघायला कुठली भाषा लागते? कानात घालायला दिवा सापडतो आणि पांघरूण वर करून पाय हलवा म्हणायला तोंड उघडत नाही? ती मुकी असती, चिनी असती, बेशुद्ध असती, तरी पाय बघायचेच असतात. त्याचेच तर पैसे घेता ना? मी हे सगळं शिवांगीच्या टेबलावर हात आपटून बोलले. ती म्हणाली, "मावशी, हे मला नाही, आयोगाला पटवायचंय."

पण त्या उत्तरानं वहिनी मोडली. चुकीचा शब्द, हे तिनं मनाला लावून घेतलं. तिची देखभाल करायला बिहारची एक बाई येते, तिला वहिनी पाणीसुद्धा तीन तीन प्रकारे मागायला लागली. पानी. पीने का पानी. गिलास में, पीने के लिए. ती बाई बिचारी गोंधळायची. मला म्हणाली, "दीदी डरती हैं क्या हमसे?" पस्तीस वर्षं या शहरात तडातडा बोललेली माझी वहिनी बोलायला घाबरत होती, आणि ते मी समोर बसून बघत होते.

एक दिवस तिनं फाइल मागितली. आजवर तिनं तिला हात लावला नव्हता. टेबल खुर्चीला जोडून घेतलं, पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानावर एक नंबर टाकला. तीन दिवस ती वाचत होती. चौथ्या दिवशी तिनं अशोकला आणि मला बोलावलं.

"एकशे सत्त्याऐंशी बघा," ती म्हणाली. तो तक्ता होता. सर्जनचा आदेश होता की दर तासाला दोन्ही पाय हलतात का ते पाहून लिहायचं. दर तासाला लिहिलं होतं: दोन्ही पाय हलतात. सही. दोन्ही पाय हलतात. सही. सगळं एका पेनानं, एका हातानं. संध्याकाळ, रात्र, पहाट, सकाळचे नऊ, सकाळचे दहा.

"आता दोनशे एकवीस."

ते दुसऱ्या ऑपरेशनचं पान होतं. साडेआठ ते सव्वाअकरा. म्हणजे वहिनी भूल देऊन टेबलावर पालथी पडलेली असताना, वर वॉर्डात तिचे दोन्ही पाय हलत होते. तक्ता आधीच भरून ठेवला होता त्या लोकांनी. कुणी पांघरूण उचललंच नव्हतं. अशोक आयुष्यात शिवी देत नाही, त्यानं दिली. वहिनी म्हणाली, "आमच्या विभागात एखाद्या बाबूनं अशी फाइल भरली असती तर मी त्याला उभा जाळला असता." कितीतरी दिवसांनी तिला स्वतःखेरीज कुणाचा तरी राग आला होता.

शिवांगी खूश झाली, पण तिचं काम संपलं नव्हतं. मी एकटीच तिच्या चेंबरला गेले होते तेव्हा ती म्हणाली, "तक्ता खोटा आहे, हे सिद्ध झालं. पण सुरुवात चारला झाली हे अजून सिद्ध होत नाही. बधिरचा अर्थ मी शब्दकोशातून दाखवीन, पण काकू पायांबद्दलच बोलत होत्या हे शब्दकोश कसं सांगणार? त्या दुपारी ऐकणारं कुणी असतं तर."

दोन वर्षं मी काउंटरवर ओरडले, वकिलांवर ओरडले, टेबलं आपटली. ते सगळं मला सोपं होतं. मी म्हटलं, "मी होते."

मग सगळं सांगितलं. शिवांगीनं सगळं लिहून घेतलं. नंतर म्हणाली, "कायद्यानं तुमच्यावर काही येत नाही. तुम्ही डॉक्टर नाही. पण शपथेवर लिहावं लागेल, जसं घडलं तसं. त्यांचा वकील विचारेल की तुम्ही नर्सला का नाही सांगितलं, आणि दोन वर्षं कुठे होता."

"लिही," मी म्हटलं.

चार पानांचं प्रतिज्ञापत्र झालं. फाइल हातात घेतल्यापासून वहिनीनं वाचल्याशिवाय एकही कागद दाखल होत नाही, हा तिचा नियम. मी तो तिच्या हातात दिला आणि समोरच्या सोफ्यावर बसले. माफीची वाक्यं तयार ठेवली होती. चहा प्यायले त्याची, वह्यांची, पायाला हात न लावल्याची.

ती वाचत गेली. तिसऱ्या पानावर थांबली. परत वर जाऊन वाचलं.

"मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"पाय, असं म्हणाले होते?"

"पाय बधिर झालेत गं, असं म्हणालीस."

मी माफीचं पहिलं वाक्य सुरू केलं. तिनं हात वर करून थांबवलं.

"त्या दुपारचं मी समजू शकते, विनू. मीही तुला तेच म्हणाले असते, भूल आहे, झोप. पण नंतर? मी रोज विचारत होते तुला. रोज. मी सांगितलं होतं का, एवढंच. हॉस्पिटलनं मला खोटं पाडलं, वकिलानं पाडलं, मी स्वतःच स्वतःला पाडलं. पाणी मागायला घाबरत होते मी. आणि तू इथे, याच सोफ्यावर बसून जगाला शिव्या घालत होतीस. त्यातलं एक वाक्य मला द्यायला हवं होतंस."

 

तिनं कागद परत केले. "उद्याच दाखल कर. एक शब्द बदलू नकोस. आणि मी बोलावेपर्यंत इथे येऊ नकोस."

त्याला तेवीस दिवस झाले. समोरच्याच टॉवरमध्ये राहते मी, माझ्या बाल्कनीतून तिची खुर्ची दिसते. पुढची सुनावणी नऊ तारखेला आहे. त्यांचा वकील मला विचारेल की दोन वर्षं गप्प का होतात, आणि मी सांगणार आहे की भित्री होते म्हणून. मग मी त्याला तक्त्यातल्या सकाळच्या दहा वाजताच्या सहीबद्दल विचारीन. अशोक फोनवर म्हणतो, धीर धर, जाईल तिचा राग. मी त्याला सांगितलं, तिची समजूत घालायला जाऊ नकोस. दोन वर्षं ती स्वतःवर रागावलेली होती, आता माझ्यावर आहे. राहू दे.